कॅप्टनने खेळायचं नसतं

बाबा,

मंगळवारी सकाळी तुमच्या नातीचा फोन आला. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी ती झाली. यंदा थँक्सगिव्हिंगला ती पहिल्यांदाच स्वतःच्या घरी सगळ्यांना बोलावते आहे, आणि जेवणानंतर तिला आपले ते चॅलेंजचे खेळ घ्यायचे आहेत. "आई, आजोबांच्या टिप्स लिहून दे ना. ऑल ऑफ देम." लहानपणापासून तिने त्या माझ्याकडून इतक्या वेळा ऐकल्यात की तिला तुमचा आवाजही माहीत असल्यासारखं वाटतं. मी कोरी कार्डं घेऊन किचन टेबलाशी बसले. चार-पाच टिप्स भराभर लिहिल्या आणि मग मूकाभिनयातली दुसरी टिप काही केल्या आठवेना. तुमच्या टीममधलं आता कोण उरलंय? काकू. म्हणून आयसेलिन गावी राहणाऱ्या काकूंना फोन लावला. त्या ऐंशीच्या पुढे गेल्यात, लेकीकडे असतात, पण डोकं लख्ख आहे. तासाभराने फोन ठेवला तेव्हा माझा चहा गार झाला होता. त्यानंतर एकही कार्ड लिहिलेलं नाही. आज शुक्रवार आहे. काकू काय म्हणाल्या ते मी तुम्हाला सांगणार आहे, पण त्याआधी त्या शनिवारबद्दल लिहायला हवं. त्या दिवशी एकाच खोलीत आपण सगळे होतो आणि प्रत्येकाला वेगळंच काही माहीत होतं, हे मला आता, या वयात कळतंय.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचे ते हिवाळे. पिस्कॅटवेचं आपलं घर, खाली बेसमेंटमध्ये तपकिरी कार्पेट, आणि महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी जमणारी पाच-सहा मराठी घरं. बाकीच्यांकडे पार्टी म्हणजे पुरुष एका खोलीत, बायका किचनमध्ये, पोरं टीव्हीपुढे. तुम्हाला ते पटायचं नाही. तुम्ही मोठे विरुद्ध मुलं अशा दोन टीम करायचात आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेली कार्डं मधे ठेवायचात. एका मिनिटात स्ट्रॉने ओढून वीस राजमे या वाटीतून त्या वाटीत टाका. डोळे बांधून हत्ती काढा. एकही इंग्रजी शब्द न वापरता कालचा दिवस सांगा. इथे मोठे लोक हमखास पडायचे, "काल मी ऑफिसला..." एवढ्यातच आऊट. दहा सुया ओवा. किचनमधला टायमर तुम्ही फिरवून ठेवायचात, तो टिकटिकत राहायचा आणि शेवटी कर्कश वाजायचा. सुयांच्या चॅलेंजला तुमच्याशी कोणीच पैज लावायचं नाही. तुम्ही सर्जन. तीस सेकंदांत दहा सुया ओवून त्या समोर ओळीने मांडायचात आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात चहा प्यायचात.

टिप्स मात्र तुम्ही दोन्ही टीमना द्यायचात, आणि मला जास्तच. मला व्हायोलिनच्या क्लासला सोडताना गाडीत, भांडी पुसताना, कुठेही. कार्ड दोनदा वाच, अर्धे लोक हरतात कारण पहिल्या वाचनानंतर धावत सुटतात. चॅलेंज सगळ्यात हुशार माणसाला देऊ नकोस, जो घाबरत नाही त्याला दे. चित्र सुंदर काढू नकोस, सोंड काढ आणि थांब. मूकाभिनयात एक खूण लोकांना कळली नाही तर तीच पुन्हा जोरजोरात करू नकोस, सरळ सोडून दे. अवघड कार्डं आधी उचल, आपण पुढे असताना. मागे पडल्यावर सोपं कार्डही अवघड होतं. टीममधल्या सगळ्यात लहान पोराला पहिलं खेळव, म्हणजे हरलं तरी त्याचं ओझं कोणावर नाही आणि जिंकलं तर सगळ्यांना जोर येतो. कपांचा मनोरा रचताना कप श्वास सोडत ठेवायचा, घेताना नाही. हे शेवटचं तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये शिकला होतात, असं एकदा म्हणालात. मला तेव्हा वाटायचं की जगातली प्रत्येक गोष्ट तुम्ही आधी कुठेतरी जिंकून आलेले आहात.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या पार्टीत तुम्ही एक नवीन टिप दिलीत. "कॅप्टनने खेळायचं नसतं. जो खेळतो त्याला फक्त आपला हात दिसतो. जो बाजूला बसतो त्याला सगळा खेळ दिसतो." आणि तुम्ही टायमर मांडीवर घेऊन खुर्चीत बसलात. सगळ्यांना ते फार पटलं. काकूंचे यजमान, ज्यांना मी नुसतं काका म्हणायचे, त्यांनी तर ते आपल्या ऑफिसात मॅनेजर लोकांना सांगितलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. तुम्ही एकही चॅलेंज खेळला नाहीत. तुमच्याशिवायही मोठे जिंकत होते, कारण तुम्ही खरंच चांगले कॅप्टन होतात.

मग जानेवारीतला तो शनिवार. बाहेर बर्फ साचलंय, गाड्या ड्राइव्हवेत नीट मावत नाहीत, बेसमेंटमध्ये बुटांचा ढीग आणि ओल्या लोकरीचा वास. वर आई बटाटेवडे तळते आहे. मी पंधरा वर्षांची, मुलांच्या टीमची कॅप्टन, आणि स्कोअर बरोबरीत आहे. शेवटचं कार्ड आमच्या हातात येतं, ते जांभळं. ते ज्याच्याकडे असेल त्याने समोरच्या टीममधल्या कुठल्याही एका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याला कुठलंही चॅलेंज द्यायचं. तो हरला की गुण आमचा. या कार्डाबद्दल तुम्हीच मला गाडीत सांगितलं होतंत, "सगळ्यात कच्च्या माणसाचं नाव घेऊ नकोस. तो कच्चा आहे हे त्यांना ठाऊक असतं, त्यांची तयारी असते. ते ज्याला झाकून ठेवतात, त्याचं नाव घे."

मी समोर बघितलं. झाकलेला माणूस एकच होता.

"बाबा," मी म्हटलं. "सुया."

काकूंची मुलगी आमच्या टीममध्ये होती, माझ्याहून वर्षाने मोठी. तिने माझा दंडच धरला. "आर यू क्रेझी? ही इज अ सर्जन!" मोठ्यांच्या बाजूला हास्याचा स्फोट झाला. काका तर उठून नाचायलाच लागले, "अरे पोरी, तू आम्हाला गुण दान करतेस?"

तुम्ही हसला नाहीत. "कॅप्टन खेळत नाही," म्हणालात. "रूल आहे."

"रूल नाहीये बाबा, तुमची टिप आहे. कार्डावर कुठे लिहिलंय?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी तुमच्या मांडीवरचा टायमर काढून घेतला. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत, आणि तो क्षण मी पुढे आयुष्यभर पुन्हापुन्हा बघितलाय. तुम्ही रागावला नव्हतात. तुमचा चेहरा मोकळा झाला होता, जसा डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये शेवटी नाव पुकारल्यावर माणसाचा होतो. मग तुम्ही टेबलाशी येऊन बसलात.

पहिल्या सुईत दोरा गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्याभोवती माशीसारखं फिरत होतं. काका ओरडले, "वा डॉक्टर, काय ॲक्टिंग!" आणि सगळे सुटले. तुम्ही बघितलंत की लोक हसतायत, आणि तुम्ही डोळे तिरळे केलेत. जीभ बाहेर काढलीत. तुम्ही मुद्दाम करताय असं सगळ्यांना वाटावं म्हणून तुम्ही विनोद केलात, बाबा, आणि खाली हात तसाच हलत राहिला, त्याचा त्या तोंडाशी काही संबंध नव्हता. टायमर वाजला. एकही सुई ओवली गेली नव्हती. आम्ही जिंकलो. मुलांनी आरोळ्या ठोकल्या, मला कोणीतरी उचललं.

खाली उतरले तेव्हा मी काकूंना पाहिलं. काकू तुमच्याच हॉस्पिटलमध्ये भूल द्यायच्या, कित्येक ऑपरेशनांना तुमच्याबरोबर असायच्या. त्या हसत नव्हत्या. त्या टेबलापाशी गेल्या, तुमच्या हातातून सुई काढून घेतली आणि हळूच विचारलं, "भाऊजी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"भाऊजी. कधीपासून?"

जिन्यावर आई वड्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. ती तशीच मागे वळून वर गेली. तिच्यामागे तुम्ही, तुमच्यामागे काकू. मी टायमर जागेवर ठेवायचं निमित्त करून वर गेले आणि फ्रिजच्या आडोशाला थांबले. माझी छाती धडधडत होती, पण ती अजून जिंकण्यामुळेच असावी असं मला वाटत होतं.

आई ताट हातात तसंच धरून उभी होती. "दिवाळीपासून शर्टाची वरची बटणं मी लावते आहे," ती काकूंना म्हणाली. मग तुमच्याकडे वळली. "पण मला तर तुम्ही म्हणालात सर्जरी थांबवलीत. फक्त पेशंट तपासता म्हणालात."

"थांबवणारच होतो."

"म्हणजे चालू आहे?"

तुम्ही सिंककडे बघत होतात. "टेबलावर हात टेकवला की होतं," म्हणालात. "टेकवला की स्थिर असतो."

मी तुम्हाला तोपर्यंत कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि ते खोटंही नव्हतं, तुमचा त्यावर विश्वास होता, हे जास्त भयंकर होतं. तेवढ्यात काका जिना चढून वर आले, हातात रिकामी प्लेट, तोंडात घास. "वडे कुठे अडकले? आणि डॉक्टर, मंगळवारी मला उपाशीपोटीच यायचं ना?" काकांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्या मंगळवारी. तुमच्या हातून.

कढईतलं तेल तापून धूर यायला लागला होता, ते कोणी बंदही केलं नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "मंगळवार कॅन्सल."

"परत?" काका म्हणाले.

"परत."

काकांनी तुमच्याकडे पाहिलं, मग तुमच्या हाताकडे. तोंडातला घास त्यांनी कसा गिळला ते मला अजून दिसतं. खाली आमची पोरं अजून आमच्या विजयाचं गाणं म्हणत होती.

रविवारी सकाळी तुम्ही तुमच्या खोलीतून हॉस्पिटलमधल्या वरिष्ठांना घरी फोन केलात. दार उघडं ठेवून केलात, मुद्दाम, आम्हाला ऐकू यावं म्हणून. "आय शुड नॉट बी ऑपरेटिंग. नो, नॉट फ्रॉम टुमॉरो. फ्रॉम नाऊ." मग कोट घालून बाहेर आलात आणि मला म्हणालात, चल, बर्फ काढू. आपण दोघं ड्राइव्हवेत फावडी घेऊन उभे राहिलो. मग फावड्यावर रेलून विचारलंत, "तुला कधी कळलं?" मी मान खाली घातली. तुम्ही त्याचा अर्थ तुमचा तुम्हीच लावलात. "कळलं म्हणूनच माझं नाव घेतलंस ना?" मी हो म्हटलं. तुम्ही माझ्या टोपीवर हात ठेवलात. तो हात थरथरत होता आणि पहिल्यांदाच तुम्ही तो लपवत नव्हतात. "चाल बरोबर होती," म्हणालात. "माझी हिंमत झाली नसती."

पुढची अकरा वर्षं तुम्ही छान जगलात, हे मी सगळ्यांना सांगते आणि ते खरं आहे. विद्यार्थ्यांना शिकवलंत. पार्ट्यांत प्रत्येक चॅलेंज खेळलात आणि जवळजवळ प्रत्येक हरलात, राजमे कार्पेटभर सांडलेत, आणि मोठ्यांची टीम तुमच्यामुळे वर्षानुवर्षं मार खात राहिली तरी कोणी तुम्हाला बाहेर बसवलं नाही. कॅप्टनची टिप तुम्ही पुन्हा कधी उच्चारली नाहीत. मी मात्र ती माझ्या मुलीला दिली, कारण ती ऐकायला चांगली वाटते.

आता काकूंचा फोन. मूकाभिनयातली ती दुसरी टिप त्यांनाही आठवली नाही. आम्ही हसलो. मग मी सहज म्हटलं, "काकू, तुम्ही त्या दिवशी नसता तर काय झालं असतं, तुम्ही एका नजरेत ओळखलंत." मग त्या म्हणाल्या, "अगं, त्या दिवशी नाही. मला नोव्हेंबरपासून माहीत होतं."

त्यांनी तुमचा हात थिएटरमध्ये पाहिला होता. पहिल्यांदा वाटलं, थकवा असेल. दुसऱ्यांदा त्यांची खात्री झाली. "आणि मी काय केलं सांगू? ह्यांच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. एकदा सर्दीचा बहाणा केला, एकदा पाहुणे येणार म्हणून. माझ्या नवऱ्याला मी वाचवलं गं. बाकीच्यांना मुकाट भूल देत राहिले."

मी विचारलं, का नाही बोललात? त्या म्हणाल्या, कोणाला सांगायचं होतं? तेव्हा आपण इथे मोजके. एका देशी सर्जनबद्दल तक्रार करायची, आणि तीही त्या माणसाबद्दल ज्याने त्यांना पहिल्या हिवाळ्यात विमानतळावरून घरी आणलं होतं, स्वतःचा कोट घातला होता अंगावर. "रोज ठरवायचे, आज सांगते. आणि रोज भाऊजी समोर यायचे, हसून विचारायचे, चहा घेतलात का." मग त्यांनी मी न विचारताच सांगितलं. डिसेंबरात एका म्हाताऱ्या बाईला पुन्हा आत घ्यावं लागलं होतं, आतून रक्त जात होतं म्हणून. ती बरी झाली, घरी गेली. "ते कोणाच्याही हातून होतं," काकू म्हणाल्या. "चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या हातून होतं. पण..." तो पण त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला होता आणि आता माझ्याकडे दिला. म्हणून त्या दिवशी कधीपासून असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. मला वाटायचं त्या तुमची चौकशी करत होत्या. त्या हिशेब लावत होत्या की त्यांना दिसायच्या आधी आणखी किती जण त्या टेबलावर होते.

तीन दिवस मी घरात नुसती फिरते आहे. नवरा विचारतो काय झालं, मी म्हणते काही नाही. मला त्या बाईचं नाव माहीत नाही. ती कुठे राहायची, तिला मुलं होती का, माहीत नाही. तुम्हाला तिच्याबद्दल माहीत होतं का, बाबा? माहीत असणारच, तुम्हीच तिला परत आत घेतलं असणार. त्याच हाताने. आणि त्यानंतरच्या पार्टीत तुम्ही टायमर मांडीवर घेऊन आम्हाला शिकवत होतात की अवघड कार्ड आधी उचलायचं. मी तुमच्यावर चिडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. काकूंवर चिडायचा केला, तेही नाही. आईची बटणं आठवतात. किती माणसांनी तुमच्यावर प्रेम केलं आणि म्हणून काही बोलली नाहीत, याचाच धक्का मला सगळ्यात जास्त बसलाय.

फोन ठेवताना काकू म्हणाल्या, "आम्ही दोघी मोठ्या, एक डॉक्टर, एक बायको. आणि बोललीस तू, पंधरा वर्षांची पोर. तुझे बाबा शेवटपर्यंत सांगायचे, माझ्या मुलीने मला ओळखलं आणि सगळ्यांसमोर थांबवलं." तुम्ही हे माझ्या लग्नातही सांगितलं होतंत, माईक हातात धरून, दोन्ही हातांनी धरून. लोकांचे डोळे भरून आले होते. मी तेव्हाही गप्प बसले, आणि मंगळवारी काकूंपुढेही गप्पच बसले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी कदाचित पाठवलं नसतं, कारण त्या ड्राइव्हवेत तुम्ही माझ्या टोपीवर हात ठेवलात ते मला परत द्यायचं नाहीये. पण इथे लिहून ठेवते. मला काहीही कळलं नव्हतं, बाबा. मी तुमच्या हाताकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मला फक्त जिंकायचं होतं.